शीतपेयांच्या कंपनीचे शेअर घ्यावेत काय?
भागीदारीच्या दृष्टीने एक व्यापारी अभ्यास

उन्हाळा लागला म्हणजे तिगाव, पांढुर्णा, सौंसर या आपल्या पेठांतून दुकानादुकानापुढे रंगीत बाटल्यांनी भरलेले काचेचे थंड कपाट दिसू लागते. हे कपाट बहुधा कंपनीने दिलेले असते. वीज मात्र दुकानदाराची, जागा दुकानदाराची आणि भर दुपारी गिऱ्हाइकाला बाटली काढून देणारा हातही दुकानदाराचाच. कपाट कंपनीचे असल्यामुळे त्यात दुसऱ्या कंपनीचा माल ठेवू नये अशी अट असते. दिवसभरात किती बाटल्या गेल्या याचा हिशेब दुकानदारास तोंडपाठ असतो, आणि मग साहजिकच त्याच्या मनात, किंवा त्याच्याहून आधी त्याच्या शिकलेल्या मुलाच्या मनात, एक विचार येतो: जो माल आपण डोळ्यांदेखत खपताना पाहतो, त्या मालाच्या कंपनीचा शेअरच का घेऊ नये?

हा विचार चुकीचा नाही. ज्या धंद्याची आपणास माहिती आहे त्यातच पैसा घालावा, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे होते. परंतु बाटली खपते हे पाहणे आणि त्या खपाचा नफा आपल्या पदरात पडणे यांच्यामध्ये बरेच अंतर आहे. हल्ली शेअर घेण्यास दलालाच्या पेढीवर जावे लागत नाही. हातातील दूरध्वनीवर दोन मिनिटांत खरेदी होते. खरेदी सोपी झाली, विचार मात्र पूर्वीइतकाच कठीण राहिला आहे. घराघरांतून होणाऱ्या या चर्चेस काही शिस्त यावी, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

शेअर म्हणजे भागीदारी

शेअर म्हणजे वर-खाली होणारा आकडा नव्हे. कंपनीच्या मालकीचे जे लक्षावधी भाग पाडलेले असतात, त्यांतील एक भाग म्हणजे शेअर. तो घेणारा मनुष्य कंपनीचा भागीदार होतो. नफा झाला तर त्यात त्याचा वाटा असतो. तोटा झाला तर घातलेल्या रकमेपुरता तोही त्याचाच. पेढीतील भागीदारीत आणि या भागीदारीत आणखी एक फरक असा की, येथे भागीदाराचे तोंड आपणास दिसत नाही.

आता विचार करा. आपल्या गावात कोणी पेढी काढली आणि आपणास भागीदार होण्यास बोलाविले, तर आपण काय विचारू? दुकानावर पाटी कोणाच्या नावाची आहे? वही कोण लिहितो आणि कोण तपासतो? भागीदारीसाठी किती रक्कम मागता, आणि वर्षाला हाती काय येईल? आणि शेवटी, ही पेढी कोणकोणता धंदा करणार आहे? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून आपल्यापैकी कोणीही एक पैसाही काढून देणार नाही. शेअर घेताना नेमके हेच चार प्रश्न आपण विसरतो. म्हणून ते एकेक करून शीतपेयांच्या धंद्यास लावून पाहू.

पहिला प्रश्न: नाव कोणाचे?

शीतपेयाच्या धंद्यात दोन वेगळे धंदे आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एक धंदा नावाचा आणि अर्काचा. दुसरा धंदा बाटली भरण्याचा. अमेरिकेत 1899 साली कोका-कोलाचे मालक एसा कँडलर यांनी बाटल्या भरून विकण्याचा हक्क चॅटनूगा येथील दोन वकिलांना अवघ्या एका डॉलरला देऊन टाकला. बाटलीत काही विशेष कमाई आहे असे त्यांना त्या वेळी वाटले नाही. तेव्हापासून ही विभागणी जगभर रूढ झाली. नाव आणि अर्क ज्याच्याकडे असतो, त्याला कारखाने, मालमोटारी, बाटल्या, थंड कपाटे यांत फारसा पैसा अडकवावा लागत नाही. बाटली भरणाऱ्याला मात्र हे सर्व उभे करावे लागते, आणि नाव तर दुसऱ्याचेच राहते.

नावाची किंमत काय असते, हे आपल्याकडे पार्ले कंपनीच्या उदाहरणात स्पष्ट दिसले. मुंबईतील विलेपार्ले या गावाचे नाव घेतलेल्या चौहान कुटुंबाच्या या उद्योगाने गोल्ड स्पॉट, लिम्का, माझा अशी पेये घरोघरी पोहोचविली. परकीय चलन नियमन कायदा 1973 साली झाला आणि परदेशी कंपन्यांना भारतातील आपली मालकी कमी करणे भाग पडले. कोका-कोलाने ते मान्य न करता 1977 मध्ये देश सोडला. त्याच सुमारास पार्लेचा थम्स अप बाजारात आला आणि पुढील सोळा वर्षांत त्याने देशभर आपले स्थान बसविले. कोका-कोला 1993 मध्ये परत आली, तेव्हा तिने थम्स अपशी नुसतीच स्पर्धा करीत न बसता थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा ही नावेच पार्लेकडून विकत घेतली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या जुन्या ड्यूक्स कंपनीची पेये पेप्सीकडे गेली. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून नाहीसा झाला. थम्स अप राहिला, कारण त्याचे नाव ग्राहकाच्या तोंडी इतके बसले होते की, विकत घेणाऱ्यालाही ते मोडवले नाही.

आता प्रश्न असा की, आपल्यासारख्या माणसास यातील कोणत्या नावात भागीदार होता येते? पार्लेचा हा व्यवसाय कुटुंबाचा होता. तेथे आपणास वाव नव्हता. कोका-कोलाची भारतातील कंपनी आपल्या शेअरबाजारात नाही. तिच्या भारतातील बाटली भरण्याच्या मोठ्या कंपनीच्या मालकीतील 40 टक्के भाग जुबिलंट भरतिया समूहाने घेण्याचा करार डिसेंबर 2024 मध्ये झाला, परंतु तोही व्यवहार मोठ्या घराण्याशी झाला. कॅम्पा हे जुने नाव 2022 मध्ये रिलायन्सने घेतले आणि 2023 मध्ये पुन्हा बाजारात आणले. पण रिलायन्सचा शेअर घेणारा मनुष्य तेल, दूरध्वनी आणि किराणा यांचाच प्रामुख्याने भागीदार होतो, कॅम्पाचा अगदी किंचित.

उरते ते वरुण बेव्हरेजेस. पेप्सीच्या पेयांच्या भारतातील विक्रीचा बहुतेक भाग ही कंपनी सांभाळते. तिचे शेअर 2016 च्या नोव्हेंबरपासून बाजारात आहेत. शीतपेयाचा शेअर असे आपल्याकडे कोणी म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा हीच कंपनी असते. परंतु पेप्सी हे नाव वरुणचे नाही. पेप्सी कंपनीशी झालेल्या करारान्वये बाटली भरून विकण्याचा हक्क तिला आहे, आणि 2019 मध्ये या कराराची मुदत 30 एप्रिल 2039 पर्यंत वाढविण्यात आली.

आपल्या भागातील भाषेत सांगावयाचे तर, ही स्वतःच्या मालकीची बाग नव्हे. दीर्घ मुदतीने कसावयास घेतलेली बाग होय. कसणारा कुशल आहे, त्याने पाणी दिले, खत घातले, उत्पन्न वाढविले, हे सर्व खरे. मुदत वाढवून मिळेल असा संभवही पुष्कळ आहे, कारण असा कसणारा मालकालाही सहजी मिळत नाही. तथापि सातबारा दुसऱ्याच्या नावाचा आहे, हे विसरून भाव देऊ नये.

दुसरा प्रश्न: वही कोणी तपासली?

वरुणच्या आधी एक वर्ष, म्हणजे 2015 च्या जुलैमध्ये, मनपसंद बेव्हरेजेस या वडोदऱ्याच्या कंपनीचे शेअर बाजारात आले. विक्रीचा भाव 320 रुपये होता. मँगो सिप हे तिचे आंब्याचे पेय लहान गावांतून आणि रेल्वे स्थानकांवरून खपत असे. मोठ्या परदेशी कंपन्या जेथे पोहोचत नाहीत तेथे ही देशी कंपनी पोहोचते, ही कथा ऐकण्यास गोड होती. गुंतवणूकदारांनी भाव चढविला आणि 2017 मध्ये कंपनीने एकास एक बोनस शेअरही दिले.

मे 2018 मध्ये वार्षिक हिशेब जाहीर होण्यास काही दिवस उरले असता कंपनीच्या लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला. मागितलेली माहिती कंपनीने पुरविली नाही, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतर शेअरची जी घसरण सुरू झाली ती थांबली नाही. मे 2019 मध्ये वस्तू व सेवा कराच्या फसवणुकीच्या आरोपावरून कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकास व अन्य अधिकाऱ्यांस अटक झाली. पुढे शेअरचे व्यवहारही बंद पडले, आणि ज्यांनी ते धरून ठेवले होते त्यांना विकावयासही गिऱ्हाईक उरले नाही.

दोन्ही कंपन्या जवळजवळ एकाच काळी बाजारात आल्या. दोघींचा माल उन्हाळ्यात खपणारा, दोघींच्या बाटल्या आपल्यासारख्याच दुकानांतून ठेवलेल्या. बाटलीकडे पाहून हा फरक कोणालाही कळला नसता. तो वहीत होता. म्हणून दुकानातला खप हा पुरावा अपुरा आहे असे आम्ही म्हणतो.

सामान्य गुंतवणूकदारास कंपनीची मूळ वही तपासता येत नाही, हे खरे. तरी काही गोष्टी त्याला खात्रीने पाहता येतात. लेखापरीक्षक वारंवार बदलतात काय, किंवा मुदतीपूर्वी सोडून जातात काय? जाहीर केलेला नफा रोख रकमेच्या रूपाने खरोखर हाती आला आहे, की तो येणे बाकीतच दिसतो? मालक आपल्या हिश्शाचे शेअर गहाण ठेवीत आहेत काय? ज्या दुकानदाराची विक्री दरवर्षी वाढते पण गल्ला रिकामाच राहतो, त्याला उधारी देताना आपण दहादा विचार करतो. कंपनीला निराळा न्याय का लावावा?

तिसरा प्रश्न: भाव काय?

आपल्या भागात संत्र्याची बाग झाडावरच विकत घेण्याची रीत आहे. व्यापारी बागेतून फिरतो, झाडे मोजतो, फळांचा अंदाज करतो, त्यातून गळ वजा करतो, तोडणी, भराई आणि गाडीभाडे धरतो, आणि मगच विसार देतो. बाग कितीही देखणी असो, अंदाजाहून अधिक भाव दिला तर तोटा ठरलेलाच. बाग चांगली आहे की नाही हा एक प्रश्न. मागितलेल्या भावाला ती चांगली आहे की नाही हा दुसरा. शेअरबाजारात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की लोक दुसरा विचारीतच नाहीत.

वरुणचाच हिशेब मांडून पाहू. 2016 साली पहिल्या विक्रीत शेअरचा भाव 445 रुपये होता. समजा, कोणाकडे त्या भावाचे 80 शेअर होते; त्याचे 35,600 रुपये गुंतले. 2019, 2021 आणि 2022 या तीन वर्षी कंपनीने दोन शेअरमागे एक बोनस दिला. त्यामुळे 80 चे 120, त्याचे 180 आणि मग 270 झाले. 2023 मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे पाच रुपयांचे दोन भाग पाडले. 270 चे 540 झाले. 2024 मध्ये पाच रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे भाग पाडले. 540 चे 1,350 झाले. म्हणजे आजच्या एका शेअरची त्याची मूळ किंमत सुमारे 26 रुपये 37 पैसे पडली.

येथे नवशिक्यांसाठी एक खुलासा केला पाहिजे. बोनस किंवा विभागणी म्हणजे कंपनीने दिलेली देणगी नव्हे. एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भूक अधिक भागत नाही. संपत्ती वाढली ती कंपनीचा खप आणि नफा वाढल्यामुळे, आणि त्या नफ्यासाठी बाजार पूर्वीपेक्षा अधिक भाव देऊ लागल्यामुळे.

नोव्हेंबर 2024 मध्ये याच कंपनीने मोठ्या संस्थांना नवे शेअर 565 रुपये भावाने विकून 7,500 कोटी रुपये उभे केले. त्या भावाने वरील 1,350 शेअरची किंमत 7,62,750 रुपये होते. म्हणजे आठ वर्षांत मूळ रकमेच्या एकवीसपटींहून अधिक. ही गोष्ट ऐकून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. परंतु ज्यांनी 565 च्या भावाने खरेदी केली, त्यांचे काय झाले? पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, भाव बराच काळ पाचशेच्या खाली राहिला. कंपनी तीच, बाटली तीच, व्यवस्थापनही तेच. एकाला एकवीस पट मिळाले, दुसऱ्याच्या मुद्दलास खोट आली. फरक केवळ दिलेल्या भावाचा.

हा भाव महाग होता की स्वस्त, हे ओळखण्याचा साधा हिशेब असा. 2024 या वर्षी कंपनीचा एकूण नफा सुमारे 2,634 कोटी रुपये होता आणि नव्या विक्रीनंतरचे शेअर सुमारे 338 कोटी. भागाकार केला म्हणजे दर शेअरमागे सुमारे 7 रुपये 80 पैसे नफा येतो. 565 ला 7.80 ने भागले तर 72 येतात. म्हणजे खरेदीदार एका वर्षाच्या नफ्याच्या 72 पट रक्कम मोजीत होता. दुसऱ्या शब्दांत, शंभर रुपये घालून कंपनीच्या नफ्यातील त्याचा वाटा वर्षाला सुमारे 1 रुपया 38 पैसे. आणि तोही सर्व हाती येत नाही, कारण नफ्याचा बराच भाग कंपनी पुन्हा कारखान्यांत घालते. असा भाव परवडावयाचा तर नफा अनेक वर्षे झपाट्याने वाढत राहिला पाहिजे. तो वाढणारच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ती वाढ आजच मोजून दिलेल्या किमतीत धरलेली आहे, हे समजून घ्यावे.

उत्तम नावालाही हा नियम चुकत नाही. अमेरिकेतील कोका-कोलाहून बळकट नाव या धंद्यात दुसरे नाही. तिचे शेअर 1998 च्या उन्हाळ्यात कळसाला पोहोचले होते. त्या भावाने घेणाऱ्यांना तोच भाव पुन्हा पाहण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. मध्यंतरी लाभांश मिळत राहिला, कंपनी नफ्यातच होती. तरी मुद्दल जागचे हलले नाही. याउलट बर्कशायर हॅथवे या गुंतवणूक कंपनीने 1988 पासून तोच शेअर रास्त भावाने घेतला, आणि तिला आजवर भरभरून लाभ झाला.

धंद्यातील जोखीम: ऊन, साखर, कर आणि शेजारी

भावाचा विचार करताना नफा कशाने ढळू शकतो, हेही पाहिले पाहिजे. शीतपेयाचा नफा उन्हावर चालतो. एप्रिल ते जून हे तीन महिने म्हणजे या धंद्याचा बहार होय. 2020 मध्ये टाळेबंदीने हे तीन महिने बुडविले, आणि 2025 मध्ये अवकाळी पावसाने खप घटविला. हुकलेला उन्हाळा पुढे पावसाळ्यात भरून निघत नाही.

साखर हा दुसरा धोका. कोका-कोलाचे शेअर 1919 मध्ये 40 डॉलरने विकले गेले, आणि साखरेच्या भावातील उलथापालथीमुळे वर्षभरात त्यांचा भाव निम्म्याखाली आला. याशिवाय साखरेच्या पेयांविषयी ग्राहक दिवसेंदिवस सावध होत आहे. बिनसाखरेच्या बाटल्यांची संख्या वाढते आहे ती त्यामुळेच.

तिसरा धोका कराचा. वायुयुक्त पेयांवर जुलै 2017 पासून 28 टक्के कर आणि 12 टक्के उपकर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून या दोहोंऐवजी सरळ 40 टक्के कर झाला. वीस रुपयांच्या बाटलीतील जवळजवळ 5 रुपये 70 पैसे सरकारजमा होतात. त्याच दिवसापासून वायुविरहित फळरसाच्या पेयांवरील कर मात्र 12 वरून 5 टक्क्यांवर आला. आपल्या संत्र्याच्या मुलखाने हा फरक विशेष ध्यानात ठेवावा. गोल्ड स्पॉटला संत्र्याचा रंग होता आणि स्वाद कृत्रिम होता. संत्र्याच्या बागाइतदारास त्याचा काहीच उपयोग नव्हता. आता ज्या पेयात खरा रस आहे आणि वायू नाही, त्याला कराची सवलत आहे. पुढेमागे या भागात रस काढण्याचा उद्योग वाढला, तर मुंबईच्या शेअरबाजाराआधी आपल्या बांधावरील संधीकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

चौथा धोका शेजाऱ्याचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा. कॅम्पाने 200 मिलिलिटरची बाटली दहा रुपयांना आणली, तेव्हा जुन्या कंपन्यांना आपल्या भावांचा फेरविचार करणे भाग पडले. जेथे दोघेच विक्रेते असतात तेथे भाव टिकतो. तिसरा खोल खिशाचा विक्रेता आला की नफ्यास धक्का बसतो.

येथे आपल्या सभासदांपैकी अनेकांना लागू पडणारी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्याचे दुकान उन्हाळ्यात शीतपेयांवर चालते, किंवा ज्याचा पैसा संत्र्याच्या आंबिया बहारात गुंतलेला असतो, त्याचे नशीब आधीच आभाळाशी बांधलेले आहे. त्यानेच शीतपेयाचे शेअर घेणे म्हणजे एकाच विहिरीवर दोन मोटा चालविणे होय. विहीर आटली की दोन्ही एकदमच थांबतात.

चौथा प्रश्न: ही पेढी कोणकोणता धंदा करणार?

आपल्या समाजात हा प्रश्न शेवटचा असला तरी वजनाने पहिला आहे. श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. म्हणजे ज्या धंद्यांत हिंसा अधिक आहे ते श्रावकाने टाळावेत असा उपदेश आहे. त्यांत रसवाणिज्य येते, ज्यात मद्याचा व्यापार आला. आणि सरोवर, डोह, तलाव आटविणे हेही येते. हे शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे असले, तरी शीतपेयाच्या धंद्यास ते नेमके भिडतात.

पाण्याचे पाहा. केरळातील प्लाचीमडा येथे कोका-कोलाचा कारखाना 2000 साली सुरू झाला. गावच्या विहिरींचे पाणी आटले आणि बिघडले अशी तक्रार करीत तेथील लोकांनी दीर्घ आंदोलन केले, आणि 2004 च्या मार्चमध्ये कारखाना बंद झाला. त्याच सुमारास, 2003 मध्ये, दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने 2004 च्या अहवालात हे निष्कर्ष ग्राह्य मानले. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने, आपण ज्या कंपनीत भागीदार होतो ती पाणी कोठून घेते, किती घेते आणि जमिनीत परत किती मुरविते, हे विचारणे अस्थानी नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत याची माहिती दिलेली असते, ती वाचावी.

मद्याचा प्रश्न याहून सरळ आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये वरुण बेव्हरेजेसच्या संचालक मंडळाने कंपनीच्या उद्देशांत मद्ययुक्त पेयांचा अंतर्भाव करण्यास मान्यता दिली, आणि तिच्या आफ्रिकेतील काही उपकंपन्यांनी कार्ल्सबर्ग बिअरच्या प्रायोगिक विक्रीचा करार केल्याचे जाहीर झाले. कंपनीच्या दृष्टीने ही व्यवसायवाढ आहे आणि कायद्याने तिला पूर्ण मुभा आहे. त्यात आम्ही दोष काढीत नाही. परंतु सरबत समजून भागीदारी घेतली आणि पुढे त्याच पेढीत मद्य आले, असा प्रसंग आपल्यापुढे आहे. दुकानात मद्य ठेवणार नाही असा ज्याचा नियम आहे, त्याने दूर देशी आपल्या पैशाने ते विकले जात असेल तर काय म्हणावे? दूर आहे म्हणून नियम शिथिल होतो काय? आणि अनेक म्युच्युअल फंडांतूनही हा शेअर असतो. तेथे आपला भाग किंचित व अप्रत्यक्ष आहे, एवढ्यावर समाधान मानावे काय?

याची उत्तरे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या नियमानुसार, आणि वाटल्यास गुरुजनांना विचारून ठरवावीत. एवढे मात्र खास की, नियम खरेदीपूर्वी आठवावा. भाव दुप्पट झाल्यावर आठवलेल्या नियमापुढे मनुष्य शंभर पळवाटा शोधतो.

आमचे मत

वरील विवेचनावरून आमचे जे मत बनले ते थोडक्यात सांगतो. शीतपेयाचा धंदा खोटा नाही. आपल्या देशातील ऊन, वाढती लोकसंख्या आणि खेड्यापर्यंत पोहोचलेली वीज पाहता तो वाढण्यास वाव आहे. वरुण बेव्हरेजेसने केलेली प्रगतीही खरी आहे. परंतु नाव दुसऱ्याचे, कराराला मुदत, बाजारात नवा प्रतिस्पर्धी, आणि नफ्याच्या 72 पट भाव, असा जेथे मेळ असेल तेथे सामान्य व्यापारी कुटुंबाने घाई करण्याचे कारण नाही. भाव उतरल्यास हिशेब नव्याने मांडावा. मद्याच्या व्यापाराचा ज्यांनी त्याग केला आहे, त्यांच्यापुरता मात्र, कंपनीचा तो मार्ग कायम आहे तोवर, भाव कितीही उतरला तरी विचार तेथेच संपतो.

ज्यांना घ्यावयाचेच आहेत त्यांनी तीन मर्यादा पाळाव्यात. दुकानाचे खेळते भांडवल, बहाराच्या सौद्याची रक्कम आणि मुलामुलींच्या शिक्षणाचा किंवा लग्नाचा पैसा यांना हात लावू नये. कर्ज काढून शेअर घेऊ नयेत. आणि एका कंपनीत एवढीच रक्कम घालावी की, ती सर्व बुडाली तरी दुकानाचे दार दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उघडता यावे.

तरुणांस एक सूचना. घरातील वडील शेअरला नकार देतात तेव्हा ते जुन्या विचारांचे आहेत असे समजून विषय सोडू नका. वरील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. आणि वडिलांस विनंती अशी की, मुलाने असा कागद आणला तर तो पेढीच्या कराराइतक्याच लक्षपूर्वक वाचावा. बाग पारखण्याची नजर तुमची आहे, वार्षिक अहवाल वाचण्याची विद्या त्याची आहे; दोन्ही एका घरात एकत्र आल्या तर कोणत्याही दलालाच्या शिफारशीची गरज उरणार नाही.

अभ्यासाकरिता प्रश्न

1. एका शेअरमागे वर्षाचा नफा 7 रुपये 80 पैसे आहे. भाव 312 रुपये असल्यास खरेदीदार नफ्याच्या किती पट रक्कम देतो, आणि शंभर रुपयांमागे नफ्यातील त्याचा वाटा किती पडतो?

2. आपल्या दुकानातील थंड कपाटात असलेल्या पाच पेयांची नावे लिहा. प्रत्येक नाव कोणाच्या मालकीचे आहे आणि बाटली कोणी भरली आहे, हे बाटलीवर वाचून समोर मांडा. दोन्ही नावे किती बाटल्यांवर एकच आहेत?

3. आपल्या कुटुंबाने कोणते व्यापार वर्ज्य मानले आहेत? आपल्या सध्याच्या शेअरांतील किंवा फंडांतील कोणत्या कंपन्या ते व्यापार करतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 40 पट आणि अडीच रुपये असे आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने आपल्या घरी शोधावयाची आहेत.